वाहनांत ठेवावयाचीं बिनतारी संभाषणयंत्रें : शेतकऱ्यानें कोणतें घ्यावें, कोणतें घेऊं नये

गेल्या सोयाबीनच्या हंगामांतील गोष्ट. घाटावरच्या आमच्या गांवांतून दोन ट्रॅक्टर मालानें भरलेल्या ट्रॉल्या घेऊन खामगांवच्या बाजारास निघाले होते. बोथ्याच्या घाटांत उतार लागल्यावर मागच्या चालकास पुढच्या ट्रॉलीचें डावें चाक डुलतांना दिसलें. त्यानें भोंगा वाजविला. पुढच्यास वाटलें, यास पुढें जावयाचें आहे. म्हणून त्यानें हातानें खूण करून वाट दिली व आपण तसाच चालत राहिला. मागच्या गड्यानें खिशांतील मोबाइल काढला, परंतु ज्ञानगंगा अभयारण्याच्या त्या झाडींत रेंज मिळेना. दोन वळणें गेलीं आणि चाक निखळलें. ट्रॉली नालींत कलंडली, पोत्यांवर बसलेला मजूर खालीं पडला व त्याचा पाय मोडला. जीव वांचला हेंच दैव. "चाक पाहा, थांब" एवढे तीन शब्द पुढच्याच्या कानीं पडते, तर हें टळलें असतें.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं आमच्या गांवचे चार शेतकरी एका विक्रेत्याचा छापील कागद घेऊन मजकडे आले. त्यांत तीन प्रकारचा माल होता : ट्रॅक्टरच्या टपावर एरिअल लावून वापरावयाचीं पंचवीस वॅटचीं मोठीं यंत्रें, हातांत धरावयाचे स्वस्त वॉकी-टॉकी, आणि "सर्व लहरी ऐकणारा" स्कॅनर. सोयाबीनचे पैसे हातीं आलेले, विक्रेता दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून घाई करीत असलेला. "भाऊसाहेब, तुम्ही उभा जन्म कागदांत काढला; हें घ्यावें कीं नाहीं तेवढें सांगा," असें त्यांचें म्हणणें. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली व जें समजून घेतलें तें येथें क्रमानें मांडतो. कारण हाच कागद इतर गांवींही फिरत असणार.

प्रथम, गरज आहे काय ?

ज्या शिवारांत मोबाइल नीट चालतो, तेथें दोन माणसांनीं दोन शब्द बोलण्यासाठीं निराळें यंत्र घेणें हा खर्च व्यर्थ होय. परंतु तीन प्रसंग असे आहेत कीं, तेथें मोबाइल पुरा पडत नाहीं. पहिला, रेंज नसलेला मुलूख : बोथ्याचा घाट, मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट, आणि जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या दऱ्या. दुसरा, आपत्तीचा : जुलै २०२३ मध्यें याच दोन तालुक्यांत अतिवृष्टीनें पूर आला, तो वाचकांच्या स्मरणांत असेल. अशा वेळीं मनोऱ्याची वीज गेली व तेथील बॅटरी संपली, म्हणजे हजारों मोबाइल एकदम मुके होतात. तिसरा प्रसंग कामाचा : हार्वेस्टर, दोन ट्रॉल्या व धुऱ्यावरचा माणूस यांस एकाच वेळीं एकच गोष्ट सांगावयाची असते. मोबाइलवर तीन वेळां क्रमांक लावावे लागतात; बिनतारी यंत्रांत एक कळ दाबली कीं सर्वांस एकदम ऐकूं जातें. रात्रीच्या पाळीनें पाणी देणारा व रोही-डुकरांपासून पीक राखणारा यांसही हीच सोय उपयोगी पडते.

या तिहींपैकीं एकही प्रसंग ज्यास नाहीं, त्यानें येथेंच थांबावें; पैसे वांचले.

ही विद्या आहे काय

बिनतारी संदेशाची विद्या आपल्या प्रांतास नवी नाहीं. १९२७ सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारें हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें बिनतारी तारायंत्र सुरू झालें होतें. वाहनांत हें यंत्र प्रथम पोलिसांनीं नेलें. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरीं १९२८ सालीं गस्तीच्या मोटारींस हुकूम ऐकूं येऊं लागले, परंतु मोटारींतून उत्तर देतां येत नसे. बेयोन येथें १९३३ सालीं दोन्हीकडून बोलण्याची सोय झाली. पुढें १९७३ च्या तेलटंचाईंत अमेरिकेंतील मालमोटारींच्या चालकांनीं सत्तावीस मेगाहर्ट्झचीं यंत्रें घरोघर माहीत करून दिलीं; कोणत्या पंपावर तेल आहे हें ते एकमेकांस चालत्या गाडींतून सांगत. म्हणजे "चालत्या वाहनांतून दुसऱ्या वाहनास सावध करणें" हाच या यंत्राचा जुना व खरा धर्म आहे.

मोबाइल व हें यंत्र यांत मुख्य भेद असा. मोबाइलचें बोलणें प्रथम मनोऱ्यास जातें व तेथून दुसऱ्याकडे येतें. बिनतारी यंत्राचें बोलणें एका यंत्रांतून निघून थेट दुसऱ्या यंत्रास पोंचतें. मध्यें कोणी मध्यस्थ नाहीं. म्हणून मनोरा बंद पडला तरी तें चालतें. परंतु म्हणूनच तें दूर जात नाहीं. आणि एका वेळीं एकानेंच बोलावें लागतें. कळ दाबली असतां आपणांस कांहीं ऐकूं येत नाहीं.

आवाज किती दूर जातो

विक्रेत्याच्या कागदावर "दहा किलोमीटर" असें ठळक छापलेलें होतें. हें खरें कीं खोटें तें प्रत्येकास घरीं ताडून पाहतां येतें. या लहरी बहुतांशीं नजरेप्रमाणें सरळ जातात व पृथ्वी गोल असल्यामुळें क्षितिजापुढें खालीं वळत नाहींत. एरिअलची जमिनीपासूनची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१ नें गुणावें. म्हणजे त्या यंत्राचें क्षितिज किलोमीटरांत निघतें. दोन्ही यंत्रांचीं क्षितिजें मिळवावीं. तीच कमाल मर्यादा.

उदाहरणार्थ, ट्रॅक्टरवर बसलेल्याच्या हातांतील यंत्र सव्वादोन मीटर उंचीवर धरलें, तर वर्गमूळ १.५ व क्षितिज सुमारें ६.१५ किलोमीटर. मचाण चार मीटर असेल, तर ८.२. वाड्याची गच्ची नऊ मीटर असेल, तर १२.३. म्हणजे दोन ट्रॅक्टरांमध्यें कमाल बारा, आणि ट्रॅक्टर व गच्ची यांमध्यें कमाल साडेअठरा किलोमीटर. परंतु हा हिशेब स्वच्छ, सपाट व मोकळ्या भूमीचा आहे. प्रत्यक्षांत अर्ध्या वॅटच्या हातयंत्रानें मोकळ्या शेतांत एक ते तीन किलोमीटर बोलणें झालें तर समाधान मानावें. गांवठाणांतील घरांमधून अर्धा किलोमीटरही कठीण. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगांव या पूर्णेकांठच्या सपाटींत आवाज चांगला जाईल. घाटावरील चिखली, मेहकर, लोणारकडील खोलगट शिवारांत एक टेकडी आड आली कीं संपलें. उंच वाढलेला मका व ओली झाडी या लहरी बऱ्याच शोषून घेतात. नुसत्या पावसाचा मात्र फारसा परिणाम होत नाहीं.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. शक्ति वाढविली कीं अंतर त्याच प्रमाणांत वाढतें असें नव्हे. मोकळ्या जागेंतही अंतर दुप्पट करण्यास शक्ति चौपट लागते. आणि टेकडी आड असेल, तर शक्ति वाढवूनही लाभ थोडा. त्यापेक्षां बोलणाऱ्यानें चार पावलें चढून बांधावर उभें राहावें. तें फुकट आहे व अधिक गुणकारी आहे.

कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळूं नये. पैसे बुडण्याची व फिर्यादीची भीति येथेंच आहे.

बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगण्यासही परवाना लागतो, हें तत्त्व १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानें घातलें. विनापरवाना प्रक्षेपक यंत्र बाळगल्यास त्या कायद्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यांत आली. त्या कायद्याच्या व १८८५ च्या तार कायद्याच्या जागीं २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यांत आला असून त्याचीं कलमें जून २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें अमलांत येऊं लागलीं. कायदा बदलला तरी तत्त्व तेंच राहिलें आहे : लहरी या सर्वांच्या मालकीच्या, व त्यांचा वापर सरकारच्या परवानगीनें किंवा सरकारनें दिलेल्या सवलतीनेंच.

ही सवलत आपल्या उपयोगाच्या दोन पट्ट्यांत आहे. पहिला पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा, यास नागरिकांचा पट्टा म्हणतात. २००५ च्या नियमांनीं यांत पांच वॅटपर्यंतच्या यंत्रांस परवान्यांतून मोकळीक दिली. दुसरा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस २०१८ च्या नियमांनीं मोकळीक दिली. मात्र यंत्राच्या नमुन्यास दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता असली पाहिजे. व्यवहारांत तिला ईटीए म्हणतात.

या दोन पट्ट्यांबाहेर बोलणारें कोणतेंही यंत्र परवान्याशिवाय घेऊं नये. बाजारांत स्वस्त म्हणून जीं दुहेरी पट्ट्याचीं यंत्रें मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ १३६ ते १७४ व ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या सबंध विस्तारांत कोठेंही बोलूं शकतात. त्यांच्या पोटांत ४४६ चा आंकडा येतो, म्हणून विक्रेता "हेंही चालतें" असें सांगतो. तें चालत नाहीं. कारण सवलत केवळ आंकड्यास नसून, त्या पट्ट्यांतच व ठरलेल्या शक्तीनेंच चालणाऱ्या मान्यताप्राप्त यंत्रास आहे. शिवाय त्या विस्तारांत सरकारी व इतर परवानाधारक खात्यांचीं बोलणीं चालतात. चुकून कळ दाबली गेली तरी दुसऱ्याच्या कामांत अडथळा येतो.

संकेतस्थळांवरून अशीं यंत्रें सर्रास विकलीं जात असल्याचें पाहून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मे २०२५ मध्यें विक्रेत्यांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्र कोणत्या पट्ट्यांत चालतें, त्यास परवाना लागतो कीं नाहीं, व प्रकार-मान्यता आहे कीं नाहीं, हें विक्रेत्यानें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तें न सांगणाऱ्याकडून माल घेऊंच नये. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवितां येते.

यंत्रांच्या पांच जाती

एक, सत्तावीस मेगाहर्ट्झचें यंत्र. याची लहर सुमारें अकरा मीटर लांब. म्हणून पुरा लाभ देणारें पाव लहरीचें एरिअल पावणेतीन मीटर उंच होतें. आंखूड एरिअल चालतें, पण त्यानें आवाज घटतो. झाडी व चढउतार यांतून ही लांब लहर जरा बरी निघते. परंतु इंजिनाच्या ठिणगीचा व विजेच्या तारांचा खरखराट यांत फार ऐकूं येतो, आणि सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षीं हजारों कोसांवरचीं बोलणीं मध्येंच घुसतात. आपल्या बाजारांत हीं यंत्रें क्वचितच मिळतात व दुरुस्त करणारा त्याहून क्वचित.

दोन, ४४६ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त वॉकी-टॉकी. लहर सदुसष्ट सेंटिमीटर, म्हणून एरिअल वीतभर. शक्ति साधारण अर्धा वॅट. या पट्ट्यांत १२.५ किलोहर्ट्झच्या सोळा वाहिन्या बसतात. शेतकऱ्याच्या सामान्य गरजेस हीच जात योग्य. पेटीवर "खासगी संकेत" असे शब्द असतात, त्यांनीं फसूं नये. त्या संकेतानें इतरांचें बोलणें आपणांस ऐकूं येत नाहीं एवढेंच. आपलें बोलणें त्या वाहिनीवरील कोणासही ऐकूं जातें. म्हणून भाव, रोख रक्कम व घरांत कोणी नाहीं, या गोष्टी यावर बोलूं नयेत.

तीन, टपावर एरिअल लावण्याचीं पंचवीस वॅटचीं वाहनयंत्रें. हीं उत्तम असतात यांत शंका नाहीं, परंतु त्यांस दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेचा परवाना लागतो. अर्ज "सरल संचार" या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा, लहर वांटून घ्यावयाची आणि दरवर्षीं शुल्क भरावयाचें. साखर कारखाना, सूतगिरणी किंवा मोठी सहकारी संस्था यांस हें झेपेल. एकट्या शेतकऱ्यास नव्हे.

चार, हौशी बिनतारीवाल्यांचीं यंत्रें. परीक्षा देऊन हा परवाना मिळवितां येतो, आणि ही विद्या शिकण्यासारखी आहे. भूजच्या २००१ च्या भूकंपांत इतर साधनें बंद पडलीं असतां अशा हौशी लोकांनीं संदेश पोंचविले. परंतु या परवान्यावर धंद्याचें बोलणें करतां येत नाहीं. "ट्रॉली भरली, खामगांवास न्या" हें बोलणें धंद्याचें होय. शिवाय परवाना व्यक्तीस असतो. मालकानें परीक्षा दिली म्हणून गड्यास बोलतां येत नाहीं.

पांच, सिमकार्डावर चालणारें वॉकी-टॉकी. दिसण्यांत हुबेहूब बिनतारी यंत्र, आणि विक्रेता म्हणतो, "साऱ्या देशांत बोला." तें खरें, पण हा मोबाइलचाच भाऊ. मनोरा नसेल तेथें हें मुकें. एका कळीनें अनेकांशीं बोलण्याची सोय हवी व रेंज चांगली आहे, अशा शिवारांत तें उपयोगी. घाटांत व पुरांत निरुपयोगी. घेण्यापूर्वीं विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा : "यांत सिम लागतें काय ?"

स्कॅनरविषयीं

स्कॅनर हें केवळ ऐकण्याचें यंत्र. तें एकामागून एक लहरी धुंडाळतें व जेथें बोलणें चालू असेल तेथें थांबतें. अमेरिकेंतील शेतकरी अशा यंत्रावर हवामानखात्याची अखंड वाहिनी ऐकतात, ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर चालते. तेथील जाहिरात वाचून आपल्याकडे तें यंत्र "वादळाचा इशारा देणारें" म्हणून विकलें जातें. परंतु आपल्याकडे शेतकऱ्यासाठीं तशी वाहिनी नाहीं. आपल्या हवामानखात्याचे इशारे मोबाइलवर, आकाशवाणीवर व कृषि विज्ञान केंद्रांमार्फत मिळतात. विजेच्या धोक्यासाठीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें "दामिनी" हें मोबाइलवरील साधन विनामूल्य आहे. आकाशवाणी ऐकण्यास साधा रेडिओ पुरतो व त्यास परवाना लागत नाहीं.

मग स्कॅनर काय ऐकविणार ? पोलिसांचें, वनखात्याचें किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याचें बोलणें; आणि तें आपल्यासाठीं नाहीं. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येंच टिपणें हा २०२३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाखालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कायदा बाजूस ठेवला तरी प्रश्न उरतोच : दुसऱ्याचें पत्र फोडून वाचणें जसें गैर, तसेंच हें. सारांश, शेतकऱ्यास स्कॅनरचें काम नाहीं.

वाहनांत वापरतांना

पहिली गोष्ट विजेची. ट्रॅक्टर, जीप व मोटार यांची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची. मोठ्या मालमोटारींची २४ व्होल्टची. बारा व्होल्टचें यंत्र वा चार्जर चोवीसवर लावल्यास तत्काळ जळेल. इंजिन चालू असतां बारा व्होल्टच्या वाहनांतही दाब चौदापर्यंत चढतो. म्हणून तेवढा सोसणारा चांगला चार्जर घ्यावा. नवी तार ओढावयाची असेल तर ती बॅटरीपासून घ्यावी व बॅटरीजवळच फ्यूज घालावा. फ्यूजशिवायची तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर यंत्र जाईलच, पण वाहनही पेटेल.

दुसरी गोष्ट पत्र्याची. बंद मोटारींत हातयंत्राची लहर पत्र्यांत अडते व फक्त कांचांतून निघते. यंत्र कांचेजवळ उभें धरावें. उघड्या ट्रॅक्टरवर ही अडचण नाहीं. परवानामुक्त यंत्राचें एरिअल काढून टपावर मोठें एरिअल जोडण्याचा मोह होईल, तो आवरावा. यंत्रास मान्यता ज्या रूपांत मिळाली, त्याच रूपांत सवलत. रूप बदललें कीं सवलत गेली.

तिसरी गोष्ट हाताची. वाहन चालवितांना हातांत धरलेल्या संभाषणयंत्राचा वापर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत २०१९ च्या दुरुस्तीनें धोकादायक चालविण्यांत मोडतो; पहिल्या गुन्ह्यास एक ते पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणून बोलण्याचें काम शेजारच्या गड्याचें, चालकानें ऐकावें. चालक एकटा असेल, तर बाजूस थांबून मग बोलावें. आवाजानें आपोआप सुरू होणारीं यंत्रें मिळतात, परंतु ट्रॅक्टरच्या गडगडाटानें तीं सारखीं चालू राहतात व वाहिनी अडवून धरतात. त्यापेक्षां गळपट्टीस अडकविण्याचा लहान ध्वनिवर्धक बरा. इंजिनाच्या आवाजांत तोच ऐकूं येतो. दोन्ही कानांत बोंडें घालूं नयेत. मागचा भोंगा ऐकूं आला पाहिजे.

घेण्यापूर्वींची पारख

विक्रेत्याच्या दुकानांत समोरासमोर बोलून यंत्र पारखूं नये. तेथें कोणतेंही यंत्र उत्तम बोलतें. दोन यंत्रें एक दिवसासाठीं मागून घ्यावीं. एक माणूस गच्चीवर व दुसरा ट्रॅक्टरवर, असें आपल्या शिवाराच्या चारही कोपऱ्यांस जाऊन बोलून पाहावें, व जेथें आवाज तुटतो तेथें नकाशावर खूण करावी. ही पारख पीक उभें असतांना करावी. उन्हाळ्याच्या उघड्या रानांत केलेली पारख भाद्रपदांत खोटी ठरते. बॅटरी सकाळपासून रात्रीपर्यंत टिकते काय, जाड हातानें कळ दाबतां येते काय, धुळीपासून व पाण्यापासून संरक्षण आहे काय, नवी बॅटरी निराळी मिळते काय, हें पाहावें. शेवटीं पावती पक्की घ्यावी. तीवर नमुन्याचें नांव, पट्टा व प्रकार-मान्यतेचा क्रमांक लिहून मागावा. जो लिहून देण्यास का-कूं करतो, त्यास नमस्कार करून उठावें.

बोलण्याची रीत

नोकरींत असतांना पावसाळ्यांत पूरनियंत्रण कक्षाच्या नोंदवहीचें काम मजकडे कांहीं वर्षें होतें. पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरून आलेले संदेश उतरवून घ्यावे लागत. त्यांतून एक गोष्ट शिकलों : यंत्र चांगलें असून बोलणारा घाईचा असेल, तर संदेश पोंचत नाहीं. म्हणून कळ दाबून क्षणभर थांबावें, मग बोलावें. नाहींतर पहिला शब्द कापला जातो. ज्यास बोलवावयाचें त्याचें नांव आधीं, आपलें नंतर. संदेश थोडका असावा. ऐकणाऱ्यानें तो परत म्हणून दाखवावा, केवळ "हो" म्हणूं नये. "थांब" हा शब्द धोक्यासाठींच राखून ठेवावा व तो ऐकतांच प्रथम थांबावें, कारण मागून विचारावें. आणि हें लक्षांत असूं द्यावें कीं, या वाहिन्यांवर पोलीस किंवा रुग्णवाहिका ऐकत बसलेली नसते. आपल्या माणसानें रेंज असलेल्या ठिकाणीं जाऊन ११२ क्रमांक लावावा लागतो.

निर्णय

आठ दिवसांनीं चौघे आले तेव्हां मीं त्यांस सांगितलें तें असें. पंचवीस वॅटचीं यंत्रें व स्कॅनर यांवर रेघ मारा. मान्यताप्राप्त ४४६ चीं चार हातयंत्रें सर्वांमिळून घ्या, म्हणजे दोन वाहनें, एक धुरा व एक घर यांस पुरतील. घाटांत दोन ट्रॅक्टर एकमेकांच्या नजरेंत असतात. शंभर-दोनशे मीटरांचें बोलणें अर्ध्या वॅटनें सहज होतें. आपणांस दहा किलोमीटर हवे नव्हते. आपणांस तीन शब्द दोनशे मीटर न्यावयाचे होते.

त्यांतील एकास तें पटलें नाहीं. पंचवीस वॅटचें यंत्र दुसऱ्या एका गांवीं लोक उघड वापरतात व त्यांस कोणी विचारीत नाहीं, असें तो म्हणाला. मी म्हणालों, "सरकारी नोकरींत असें पुष्कळ पाहिलें, विचारीत नाहीं तोंवर कोणी विचारीत नाहीं, आणि विचारतात तेव्हां शेजारच्या गांवचा दाखला कामास येत नाहीं." उरलेल्या तिघांनीं पावती तपासून यंत्रें घेतलीं, चौथा पुढें मागें आला.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. ज्या मजुराचा पाय मोडला, तो बरा होऊन कामास लागला आहे. नवीं यंत्रें आम्हीं त्यास दाखविलीं. तीं हातांत घेऊन त्यानें उलटसुलट पाहिलीं व म्हणाला, "चांगलीं आहेत, पण निघण्याच्या आधीं चाकाचे नट कोण पाहणार?" त्याचें म्हणणें खरें आहे. यंत्र धोका सांगेल. तो टाळण्याचें काम पान्ह्याचें. म्हणून आमच्याकडे आतां नियम असा केला आहे : आधीं चाकांचे नट आवळावयाचे, मग यंत्रांवर एकमेकांस हांक द्यावयाची, पोत्यांवर कोणास बसूं द्यावयाचें नाहीं, आणि मगच ट्रॅक्टर हलवावयाचा. वाचकांनींही असाच नियम आपल्या घरीं घालावा, अशी विनंति आहे.